जुन्या कांचेच्या बाटल्या : त्यांची खणती, वाचन व नोंद

ऐतिहासिक साधनें म्हटलीं म्हणजे आमच्या डोळ्यांपुढें प्रथम कागद उभा राहतो. त्याच्यामागून ताम्रपट, शिलालेख व नाणीं. जें लिहिलेलें आहे तेंच साधन, अशी एक समजूत आपल्या मंडळींच्या मनांत नकळत रुजलेली आहे. परंतु गेल्या साठ-सत्तर वर्षांत इंग्लंड व अमेरिका या देशांत जुन्या उकिरड्यांतून कांचेच्या बाटल्या खणून काढण्याचा जो छंद बळावला, त्यामुळें एक गोष्ट निर्विवाद सिद्ध झाली आहे. ती ही कीं, कोणीं तरी रिकामी करून फेकून दिलेली बाटलीही वाचतां येते. मात्र ती कोठून व कशी निघाली हें ठाऊक असलें पाहिजे. आमच्याकडेही अलीकडे कांहीं तरुण संग्राहक जुन्या बाजारांतून सोडावॉटरच्या व औषधांच्या बाटल्या जमवूं लागले आहेत, आणि खणतीविषयीं विचारणा होऊं लागली आहे. त्यांच्याकरितां ही ओळख लिहीत आहों. ज्यांचें आयुष्य बाडें व दप्तरें चाळण्यांत गेलें त्यांसही यांत परकें वाटावें असें फारसें नाहीं. अक्षराच्या वळणावरून व कागदाच्या पोतावरून काल ठरविणाराला बाटलीचा तळ व तोंड पाहून काल ठरविणें अवघड जाऊं नये.

प्रथम बाटलीच्या घडणीचा इतिहास थोडक्यांत पाहूं, कारण कालनिर्णयाची सगळी भिस्त त्यावर आहे.

इंग्लंडांत १६१५ सालीं पहिल्या जेम्स राजानें कांचेच्या भट्ट्यांत लांकूड जाळण्यास बंदी केली. आरमाराकरितां लांकूड राखून ठेवावें हा हेतु. भट्टीवाल्यांस दगडी कोळशाकडे वळावें लागलें, आणि कोळशाच्या प्रखर आंचेंत जाड, गडद व बळकट अशी कांच निघूं लागली. या काळसर हिरव्या बाटलीच्या जन्माचें श्रेय सर केनेल्म डिग्बी या गृहस्थास देण्याचा प्रघात आहे. बाटली महाग होती. ती धनिकानें स्वतःच्या नांवानें बनवून घ्यावयाची, दारूच्या दुकानीं पाठवावयाची व भरून आणावयाची. खांद्यावर कांचेचा एक गोळा चिकटवून त्यावर मालकाची मुद्रा उठवीत. सॅम्युएल पीप्स यानें १६६३ च्या ऑक्टोबरांतील आपल्या दैनंदिनींत स्वतःच्या मुद्रेच्या पांच-सहा डझन नव्या बाटल्या भरल्या जात असतां पाहिल्याची नोंद केली आहे. लेखी पुरावा व मातींतला पुरावा एकमेकांस असे क्वचितच भेटतात.

या मुद्रांवर पुष्कळदां सालही असे. त्यामुळें बाटलीच्या आकारांचा क्रम लावणें शक्य झालें. आरंभीची बाटली म्हणजे गोल पोट व वर लांब सरळ मान. सतराव्या शतकाच्या अखेरीस ती बसकी होऊन कांद्यासारखी दिसूं लागली. अठराव्याच्या दुसऱ्या चरणांत तिच्या बाजू उभ्या होऊन तिला मोगरीचा आकार आला, आणि शतकाच्या मध्यानंतर ती हल्लींच्या बाटलीप्रमाणें नळकांडी झाली. हा फरक फॅशनीचा नव्हे. बुचाची बाटली आडवी निजवून ठेविली तर बूच ओलें राहतें व मद्य टिकतें. कांद्याच्या आकाराची बाटली आडवी रचून ठेवतां येत नाहीं, नळकांडी ठेवतां येते. व्हर्जिनियांतील विल्यम्सबर्ग येथें उत्खनन करणारे आयव्हर नोएल ह्यूम यांनीं या आकारांचा क्रम सालवार लावून १९६१ सालीं प्रसिद्ध केला, आणि १९७० च्या सुमारास निघालेल्या त्यांच्या मार्गदर्शक ग्रंथामुळें तो सर्वतोमुखी झाला. मुद्रेवरील साल हें बाटली घडल्याचें साल. ती मातींत गेल्याचें नव्हे, हें मात्र ध्यानांत ठेविलें पाहिजे.

आतां बाटली उलटी करून तळ पहावा. नळीनें फुंकलेल्या बाटलीचें तोंड घडवितांना ती धरावयाची कशी, हा कारागिराचा जुना प्रश्न. त्यासाठीं तळाशीं वितळल्या कांचेच्या ठिपक्यानें एक लोखंडी दांडी चिकटवीत, व काम झाल्यावर झटका देऊन ती तोडीत. तोडल्याजागीं खरखरीत वण राहतो. बोटाला कापेल इतका तीक्ष्णही असतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर तळ चिमट्यांत धरण्याची युक्ति रूढ झाली व वण नाहींसा होत गेला. म्हणून तळाशीं वण असलेली सामान्य इंग्रजी किंवा अमेरिकन बाटली बहुधा १८६० च्या अलीकडची नसते. बहुधा हा शब्द येथें महत्त्वाचा आहे. किंमती व लहान कुप्यांवर वण पुढेंही आढळतो.

तळानंतर बाजू. सांच्यांत फुंकलेल्या बाटलीवर सांच्याच्या तुकड्यांचे सांधे बारीक रेघांनीं उमटतात. ब्रिस्टलच्या हेन्री रिकेट्स यानें १८२१ सालीं तीन तुकड्यांच्या सांच्याचें पेटंट घेतलें; त्या बाटलीच्या खांद्याभोंवतीं एक आडवी रेघ व तेथून वर जाणाऱ्या दोन उभ्या रेघा दिसतात, आणि तळाशीं पुष्कळदां त्याच्या कारखान्याचें नांव गोलाकार असतें. पुढें दोन तुकड्यांचे सांचे सर्रास झाले. त्यांत उभी रेघ तळापासून निघून मानेपर्यंत चढते, पण ओठाच्या खालीं पुसली जाते. कारण ओठ मागाहून हत्यारानें वेगळा घडविलेला असतो. ही रेघ जर ओठावरून पार माथ्यापर्यंत गेली असेल, तर बाटली यंत्राची. टोलेडो येथील मायकेल ओवेन्स यानें १९०३ सालीं पूर्ण स्वयंचलित यंत्र सिद्ध केलें, आणि पुढील वीस-पंचवीस वर्षांत फुंकणाराचा धंदा बसला. ओवेन्सच्या यंत्राची बाटली तळावरील वेडावांकडा, पिसासारखा कडा असलेल्या वर्तुळाकार खुणेवरूनही ओळखतां येते. नवख्या संग्राहकानें एवढी एक रेघ पहावयास शिकावें; बाजारांत शंभर वर्षांची म्हणून पुढें केलेल्या निम्म्याअधिक बाटल्या या एका कसोटीवर बाजूस पडतात. अजिबात रेघ नसणें हें मात्र जुनेपणाचें प्रमाण नव्हे. सांच्यांत बाटली गरगर फिरवून रेघ पुसण्याची रीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मद्याच्या बाटल्यांसाठीं चालू होती; अशा बाटलीवर आडव्या सूक्ष्म ओरखड्यांची झांक असते.

रंगाविषयीं लोकांत भ्रम फार. हिरवट छटा ही वाळूंतील लोहामुळें येते, मुद्दाम दिलेली नसते. निळा रंग कोबाल्टचा; तो महाग म्हणून निवडक कामासाठींच वापरीत. पारदर्शक पांढऱ्या कांचेकरितां मँगॅनीज घालीत, व अशी कांच वर्षानुवर्षें उन्हांत राहिली म्हणजे जांभळी होते. स्थूलमानानें १८८० ते १९१५ च्या दरम्यानच्या बाटल्यांत हा प्रकार आढळतो. परंतु कृत्रिम किरणांनीं ती कांच हवी तितकी जांभळी करतां येते, आणि परदेशीं असा माल विकलाही जातो. अतिगडद जांभळी बाटली पाहिल्याबरोबर खिशांत हात घालूं नये.

विषाच्या बाटल्यांची गोष्ट येथेंच सांगण्याजोगी आहे. इंग्लंडांत १८६८ च्या औषधविक्रीच्या कायद्यानें विषावर तशी चिठ्ठी लावणें सक्तीचें झालें. पण रात्रीं अंधारांत औषध घेणाराला चिठ्ठी काय दिसणार? म्हणून कारखानदारांनीं विषाची बाटली निळी किंवा गडद हिरवी, सहा पैलूंची व अंगावर उभ्या कंगोऱ्यांची केली. हातांत घेतांच बोटांस कळावें, ही योजना. यांतील कांहीं बाटल्या आजही भरलेल्या निघतात. बूच लावलेली भरलेली बाटली उघडूं नये, हुंगूं नये. आंत काय असेल याचा नेम नाहीं.

कालनिर्णयाचा सर्वांत रसाळ भाग म्हणजे तोंड बंद करण्याच्या युक्त्या. वायुयुक्त पाणी बाजारांत आल्यावर बूच उडून जाऊं नये व सुकूं नये हा मोठा पेंच पडला. त्यावर तोड म्हणून बूड नसलेली, अंड्याच्या आकाराची बाटली निघाली. विल्यम हॅमिल्टन याच्या १८०९ च्या पेटंटांत तिचें वर्णन आहे. ती उभी राहूंच शकत नाहीं, म्हणून आडवी ठेवावीच लागते व बूच ओलें राहतें. खोडकर गिऱ्हाइकाला सक्तीनें शिस्त लावण्याचा हा प्रकार आहे. पुढें १८७२ सालीं लंडनच्या हायरम कॉड यानें जी बाटली पेटंट केली तिनें बुचासच फांटा दिला. मानेंत कांचेची गोटी, तोंडाच्या आंतल्या खोबणींत रबराची कडी. बाटली उलटी धरून भरावयाची, मग वायूच्या दाबानें गोटी कडीवर घट्ट बसते. उघडतांना गोटी आंत दाबली कीं वायु फुस्कन बाहेर येतो, आणि मानेच्या दोन दाबांमध्यें गोटी अडकून राहिल्यानें ओततांना आड येत नाहीं. हेन्री बॅरेट यानें १८७९ सालीं आंतून पिळाचें बूच काढलें, व १८९२ सालीं बाल्टिमोरच्या विल्यम पेंटर यानें दांतेरी पत्र्याच्या टोपणाचें पेटंट घेतलें. या टोपणासाठीं ओठावर जी गोल वळी लागते ती पाहिली म्हणजे बाटली त्या सालाच्या अलीकडची ठरते. यास अपवाद नाहीं.

कॉडची बाटली म्हणजेच आपली गोटीची सोडावॉटरची बाटली. मुंबई-पुण्याकडील पारशी कारखानदारांनीं हा धंदा नांवारूपास आणला. पुण्याचे आर्देशीर यांचा कारखाना १८८४ चा, तर मुंबईंत दिनशाजी पांडोळे यांनीं ड्यूक या नांवानें १८८९ सालीं काम सुरू केलें. कारखानदाराचें व गांवाचें नांव बाटलीच्या अंगावर उठविलेलें असे, कारण बाटली गिऱ्हाइकाची नव्हे, कारखान्याची. ती परत यावयाची. हीं नांवें जर कोणी पद्धतशीर उतरून घेतलीं, तर पश्चिम हिंदुस्थानांतील एका धंद्याची यादी केवळ बाटल्यांवरून तयार होईल. अडचण इतकीच कीं, विलायतेंत काय किंवा आपल्याकडे काय, गोटीसाठीं पोरांनीं या बाटल्या फोडल्या. अभंग नग त्यामुळें कमी. दुसरी अडचण उलट दिशेची. युरोपांत ही बाटली लुप्त झाल्यावरही हिंदुस्थानांत ती चालू राहिली, आणि उत्तर प्रदेशांत सासनी येथें अलीकडच्या काळापर्यंत तयार होत आली आहे. म्हणून गोटीची बाटली एवढ्यावरून काल सांगूं नये; सांध्याची रेघ, ओठाची घडण व अंगावरील अक्षरें या तिन्हींची साक्ष घ्यावी.

कांहीं बाटल्यांवर चौकट उभी करून कोपऱ्यांत अक्षरें व आंकडे दिलेली खूण सांपडते. आकृतीची नोंदणी झाल्याची ही इंग्रज सरकारची खूण १८४२ ते १८८३ पर्यंत चालली. माथ्यावरील वर्तुळांत रोमन तीन हा आंकडा असतो तो कांचेच्या वर्गाचा. १८६७ पर्यंत वर्षाचें अक्षर वरच्या कोपऱ्यांत, त्यापुढें उजवीकडच्या कोपऱ्यांत येतें. १८८४ पासून ही खूण जाऊन नुसता अनुक्रमांक आला. येथेंही साल नोंदणीचें, बाटलीचें नव्हे. एक सांचा अनेक वर्षें चालतो.

आतां खणतीकडे वळूं. इंग्लंडांत १८७५ च्या सार्वजनिक आरोग्याच्या कायद्यानंतर घरोघरचा केरकचरा गोळा करून गांवाबाहेर टाकण्याची व्यवस्था लागली. विटांच्या मातीच्या जुन्या खाणी, नदीकांठचे सखल भाग, रेल्वेच्या बाजूच्या खड्ड्या अशा जागा भरून काढल्या. घरोघरीं कोळसा जळत असल्यामुळें त्या कचऱ्यांत राखच अधिक; म्हणून जुना उकिरडा ओळखण्याची पहिली खूण म्हणजे काळी भुसभुशीत राख, जळक्या कोळशाचे खडे, चिनीमातीच्या खापऱ्या व मातीच्या चिलमींचे तुकडे. उंदरांनीं किंवा सशांनीं उकरलेल्या बिळाच्या तोंडाशीं अशा खापऱ्या दिसल्या तर जाणता मनुष्य तेथें थांबतो. अमेरिकेंत रीत निराळी. तेथें जुन्या शहरांत प्रत्येक घरामागें शौचकूप असे, आणि तुटकें-फुटकें त्यांतच जाई. आगीच्या विम्यासाठीं सॅनबॉर्न नांवाच्या कंपनीनें १८६७ पासून तयार केलेले नकाशे इमारतींसह हे आडोसेही दाखवितात. त्यांवरून जागा ठरवून लोखंडी सळईनें जमीन टोंचून पाहतात. सैल मातींत सळई झटकन् जाते, व कांचेस लागली कीं तिचा आवाज व हाताला येणारा कंप वेगळा असतो. खरा अभ्यास कुदळ उचलण्यापूर्वीं नकाशांत होतो, ही गोष्ट आमच्या वाचकांस आवडावी.

हत्यारें फार लागत नाहींत. मुठीची लहान खुरपी, बोथट दातांचा पंजा, फावडें, जाड चामड्याचे हातमोजे, मजबूत जोडे. कुदळीचा वापर फक्त वरचा भराव काढण्यास. राखेचा थर लागला कीं कुदळ बाजूस ठेवावी. नवखा मनुष्य बाटलीचा तळ दिसला कीं तो ओढतो, आणि मान आंत मोडून राहते. चोहोंकडून माती मोकळी करून बाटली स्वतःच्या भारानें हातांत यावी, इतकी सबुरी हवी.

धोका कड्याचा आहे. राखेची उभी भिंत दिसते तशी नसते. वरचा भार तसाच ठेवून खालीं पोखरीत जाण्याचा मोह फार होतो, कारण चांगला थर बहुधा खालीं असतो. त्यांतच माणसें दडपून मेलीं आहेत. छातीइतक्या खोलीपलीकडे पायऱ्या न काढतां जाऊं नये, एकट्यानें तर कधींच खणूं नये. धनुर्वाताची लस घेतलेली असावी. खणलेला खड्डा त्याच दिवशीं बुजवावा, आणि जमिनीच्या मालकाची परवानगी आधीं, शक्य तर लेखी, घ्यावी. लंडनांत थेम्स नदीच्या ओहोटीच्या पात्रांत शोध करणारासही बंदराच्या अधिकाऱ्यांचा परवाना लागतो, मग त्यानें फावडें लावो वा नुसतें डोळ्यांनीं शोधो.

येथपर्यंत हौशेचें झालें. पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे.

दप्तरांतून एखादा कागद कोणीं उपसून विकला, तर कागद राहतो, पण तो कोणत्या घराण्याचा, कोणत्या बाडांतला, त्याच्या मागेंपुढें काय होतें, हें सर्व जातें. आपल्यांपैकीं प्रत्येकानें असे पोरके कागद पाहिले आहेत. बाटलीचेंही तेंच. उकिरडा म्हणजे एक बाड आहे; त्याचे थर म्हणजे पानें. थराचा काल त्यांतील सर्वांत जुन्या वस्तूवरून ठरत नाहीं, सर्वांत अर्वाचीन वस्तूवरून ठरतो. एका थरांत दहा वणाच्या बाटल्या व एक दांतेरी टोपणाची बाटली अबाधित स्थितींत निघाली, तर तो थर १८९२ पूर्वींचा असूं शकत नाहीं. उरलेल्या दहा बाटल्या जुन्या असतांही पुष्कळ वर्षें घरांत वापरांत होत्या, हें त्यावरून कळतें. ती अकरावी बाटली स्वस्त म्हणून खणणारानें फेकून दिली, कीं उरलेल्या दहांचा इतिहास संपला. हौशी खणणारे सुंदर नग तेवढे घरीं नेतात व बाकीचे तुकडे खड्ड्यांत लोटतात, ही तक्रार पाश्चात्य पुराणवस्तुशास्त्रज्ञ गेलीं पन्नास वर्षें करीत आले आहेत, आणि आमच्या मतें ती रास्त आहे.

सालवार बाडाचें काम कसें होतें याचें उत्तम उदाहरण बर्ट्रांड या आगबोटीचें. सेंट लुइसहून माँटानाकडे माल नेत असतां ही बोट १ एप्रिल १८६५ रोजीं मिसुरी नदींत बुडाली. नदीनें पात्र बदललें व बोट शेताखालीं गाळांत गाडली गेली. ती १९६८ सालीं सांपडली, आणि पुढील वर्षीं तिचें पोट उपसलें. लोणचीं, मद्यांत मुरविलेलीं फळें व बिटर्स नांवाचें कडू औषधी मद्य यांच्या बाटल्या पेट्यांसकट, जशा भरल्या तशा निघाल्या. एका दिवसाचा थर! त्या दिवशीं कोणत्या आकाराची बाटली बाजारांत होती, तिच्या तळाशीं वण होता कीं नव्हता, चिठ्ठी कशी होती, याचा निकाल तेथें हातांत मिळतो. इतर ठिकाणच्या बाटल्या या मोजपट्टीवर तपासतां येतात. त्यांपैकीं एकादी पेटी कोणीं गुपचूप विकली असती तर तीस किंमत आली असती, मोजपट्टी मात्र हरवली असती.

आपल्याकडे हा विचार आणखी जपून करावयास हवा. पहिलें कारण असें कीं, येथें बाटली फेकीत नसत. विलायती मद्याची रिकामी बाटली बाजारांत पुन्हा विकली जाई. तींत तेल, तूप, राकेल, वैद्याचा काढा, गुलाबपाणी भरलें जाई, आणि ती दोन-दोन पिढ्या फडताळांत राही. शिशी हा शब्दच आपण फारशींतून घेतला व घरचा केला, त्यावरून वस्तूचें मोल कळावें. त्यामुळें बाटली घडल्याचा काल व मातींत गेल्याचा काल यांत हिंदुस्थानांत इंग्लंडपेक्षां अधिक अंतर धरावें. जुन्या कोऱ्या कागदावर मागाहून लिहिलेल्या लेखाप्रमाणेंच हें आहे. कागदाचें साल तें लेखाचें साल नव्हे. दुसरें कारण असें कीं, १८१७ च्या लढाईनंतर पुणें व खडकी येथें वसलेल्या छावण्या, मुंबईचें बंदर, कोंकण-किनाऱ्यावरील वेंगुर्ल्यासारखीं डचांच्या वखारीचीं ठिकाणें, या सर्व जागीं परदेशी कांच कोणत्या मार्गानें, कोणाकरितां व केव्हां आली याचा इतिहास अजून बराचसा लिहावयाचा आहे. डचांची जिन मद्याची चौकोनी, खालीं निमुळती बाटली पेटींत दाटीनें बसावी म्हणून तशी केलेली असे; किनाऱ्यावर तिचा तुकडा निघाला तर तो कोणत्या थरांत निघाला यावर सर्व कांहीं अवलंबून राहील.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. १८७८ च्या निधीविषयक कायद्याप्रमाणें जमिनींत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तु सांपडल्यास कलेक्टरास कळविणें सांपडणारावर बंधनकारक आहे. १९५८ च्या कायद्याखालीं संरक्षित स्थळीं परवान्यावांचून उत्खनन करतां येत नाहीं. १९७२ च्या कायद्यानें शंभर वर्षांवरील वस्तु पुरावस्तु या व्याख्येंत येऊं शकतात, त्यांचा व्यापार परवान्याशिवाय चालत नाहीं व खासगी इसमास त्या देशाबाहेर पाठवितां येत नाहींत. हस्तलिखितांना हीच मर्यादा पंच्याहत्तर वर्षांची आहे, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. लष्करी हद्दींत पाय ठेवण्याचा तर विचारही करूं नये. किल्ला, गढी, जुनी विहीर, पडका वाडा, पांढरीचें टेंकाड, या जागीं हौशीनें कुदळ मारूं नये असें आमचें निक्षून सांगणें आहे. पांढरींत बाटलीच्या थराखालीं काय आहे हें खणणारास ठाऊक नसतें. कोल्हापुरास ब्रह्मपुरीच्या टेंकाडांत १९४५-४६ सालीं डॉ. सांकळिया व डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनीं खणती केली तेव्हां बहामनी काळाच्या थराखालीं सातवाहनांची वस्ती निघाली, हें विसरूं नये. याच दीक्षितांचा हिंदी कांचेच्या इतिहासावरील इंग्रजी ग्रंथ मुंबई विद्यापीठानें १९६९ सालीं काढला. कांचेच्या नादीं लागणारानें तो प्रथम वाचावा.

मग नवख्यानें करावें काय? पुष्कळ आहे. पाया खणतांना, नळ घालतांना, आडाचा गाळ काढतांना मजुरांच्या फावड्यास रोज कांच लागते व ढिगाऱ्यांत जाते. मालकाच्या संमतीनें तेथें उभें राहून काय किती खोलीवर निघालें हें टिपून घेतलें, तर एक खड्डा न खणतां साधन वांचतें. तुकडाही टाकूं नये. अक्षर असलेला किंवा तळ-ओठाचा तुकडा अभंग बिननांवाच्या बाटलीहून मोलाचा. घरच्या माळ्यावरील व देवळीमधील बाटल्या तर सुरक्षितच आहेत. तळेगांवचा पैसाफंडाचा कांचकारखाना १९०८ चा, ओगलेवाडीचा १९१६ चा. त्यापूर्वींची घरांतली बाटली बहुधा बाहेरून आलेली, व त्यानंतरचीविषयीं तपास करावा लागेल.

धुण्यासंबंधीं दोन शब्द. मातींतून काढलेली कांच थंडींतून एकदम ऊन पाण्यांत घालूं नये, तडकते. साध्या पाण्यांत दोन दिवस भिजवून मऊ कुंचल्यानें माती काढावी. तारेचा कुंचला व वाळू वर्ज्य. जुन्या कांचेवर मोरपिसासारखे रंग चमकतात. तो कचरा नव्हे, ओलाव्यानें कांचेंतला क्षार निघून गेल्यावर राहिलेले पापुद्रे आहेत. ते खरवडले म्हणजे कांचच खरवडली. यंत्रांत तांब्याच्या तुकड्यांबरोबर फिरवून बाटली लखलखीत करण्याची चाल परदेशीं आहे; तिनें ओठावरील व सांध्यावरील सूक्ष्म खुणा झिजतात, आणि पुढच्या अभ्यासकाच्या हातीं केवळ एक शोभेची वस्तु उरते. कागदी चिठ्ठी असेल तर पाणी लावूंच नये.

नोंदवही बाटलीइतकीच जपावी. प्रत्येक नगास अनुक्रमांक, निघाल्याची तारीख, गांव व जागेची खूण, जमिनीपासून खोली, शेजारीं काय काय निघालें, तळ, सांधा, ओठ, रंग, उंची, अंगावरील अक्षरें जशींच्या तशीं, चुकलेलीं असलीं तरी न सुधारतां. मोडी उतरतांना आपण मूळाची चूक सुधारीत नाहीं, त्यांतलाच हा नियम. दान मिळालेली किंवा विकत घेतलेली असल्यास तेंही लिहावें, व निघण्याचें ठिकाण ठाऊक नसेल तर ती जागा कोरी ठेवावी. ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणून निराळी टिपावी.

शेवटीं आमच्या वाचकांच्या खास जवळची एक वस्तु. इंग्रजी शाईची एक पेनी किंमतीची जाड कांचेची लहान बाटली असे; ती इतकी स्वस्त कीं तिचा ओठ घडविण्याचे श्रमही कारखानदार घेत नसे, नळीपासून मोडून तशीच खरखरीत ठेवी. कचेऱ्यांत विलायती शाई आल्यावर अशा बाटल्या घरोघरीं पोंचल्या असाव्यात, आणि जुन्या दप्तरांच्या पेट्यांच्या कोपऱ्यांत, दउतीशेजारीं, त्या अजूनही पडून असतील. ज्यांच्या संग्रहीं अशी बाटली असेल त्यांनीं ती धुण्यापूर्वीं तळाचें व तोंडाचें वर्णन, अंगावरील अक्षरें, आणि ती ज्या दप्तराबरोबर होती त्यांतील पहिल्या व शेवटच्या कागदाचें साल, एवढें मंडळाकडे लिहून पाठवावें. शाई आंत वाळलेली असल्यास ती तशीच राहूं द्यावी.